एक्केचाळीस-अकरा की त्रेचाळीस-आठ

राजकोट
४ ऑगस्ट २०२४

बाबूचाचा, सलाम.

परवा फोनवर मी दोनदा ओरडून विचारलं, जीपचा मागचा अ‍ॅक्सल उघडला का. वर्कशॉपातले सारे माझ्याकडं पाहू लागले, अन् तुम्ही म्हणालात, "हो, जेवलो." जिंदगीभर गॅरेजात फाटक्या सायलेन्सरच्या गाड्या ऐकल्यावर कान तरी काय करतीन. म्हणून कागद घेतला. तसाही तुमचा कायदाच आहे, माप कागदावर आल्याबिगर नटाले पाना लावायचा नाई. आठवीत शाळा सोडलेल्याच्या अक्षराले हासू नका. संघप्रिया वाचून दाखवन. बहीण आहे, तिले माझं अक्षर लागते.

खबर अशी. आमच्या वर्कशॉपात गाड्यांचे क्राउन-पिनियन बनतात हे तुम्हाले ठाऊक आहे. इतके दिवस मी तेलच पुसलं, आता मशीनवर उभं राहू देतात. फोरमन वजुभाई, वरून कडक, मधातून नरम. एका ऑर्डरीतली एक जोडी खरोंच पडली म्हणून बाजूले निघाली, तिचे दाते अजून कापले नाईत. तो म्हणाला, भंगारात टाकण्यापेक्षा तू काप अन् तुझ्या त्या जीपले लाव. पण एकच. बिघडली तं दुसरी मागाले येऊ नको.

आता संघप्रियाले कळावं म्हणून फोड करून लिवतो, तुम्ही एवढं सोडून द्या. मागच्या अ‍ॅक्सलमधी मोठं दात्याचं चाक असते, ते क्राउन. त्याले फिरवणारं लहान, ते पिनियन. क्राउनले एक्केचाळीस दाते अन् पिनियनले अकरा असले, तं पिनियनचे पावणेचार फेरे झाले की चाक एकदा फिरते. गाडी पळते, पण चढावर दम लागते. त्रेचाळीस अन् आठ असले, तं साडेपाचच्या जवळ फेरे लागतात. मंग गाडी झाड उपटन, पण पळणार नाई. गिअरबॉक्समधल्या चारही गिअरांवर याचा असर पडते. म्हणून एकदा ठरलं की ठरलं.

माझं ठरलं आहे. एक्केचाळीस-अकरा. हिशोबानं सव्वाशेची स्पीड निघते. जानेवारीत नागपूरच्या बाहेर शौकाच्या गाड्यांची रेस आहे, मातीचं मैदान, लांब सरळ पट्टा. कोइमतूरच्या एका टीमचा माणूस तिथी पोट्टे पाहाले येते. चाचा, मी दिवसभर दुसऱ्याच्या गाडीचे दाते पाहून उबगलो. मले स्टिअरिंग पाह्यजे. त्या माणसानं मले एकदा पाह्यलं पाह्यजे, बस.

तुमचं काम एवढंच, मागच्या टायरचा एक फेरा मोजून पाठवा. मी निघालो तेव्हा सात फूट पाच इंच होता. खडूची खूण टायरवर, खडूची खूण जमिनीवर, एक फेरा ढकला अन् टेप लावा.

संघप्रियाले सांगा, शिलाई मशीनचं ध्यानात आहे, थंडीच्या अगोदर पाठवतो.

तुमचाच पोट्टा,
अश्वजित


एटापल्ली
१६ ऑगस्ट २०२४

अश्वजित बेटा, खुश रहो.

(दादा, चाचा बोलून राह्यले अन् मी लिवून राह्यली. शिव्या गाळल्या.)

तुझी सव्वाशेची स्पीड वाचून मी तुह्या जमीलाचाचीले चहा ठेवाले लावला. म्हटलं बसून ऐकण्यासारखी गोठ आहे. अरे, हे इंजिन कोणाचं आहे विसरला का? वारलूच्या काली-पिवळीचं. बारा माणसं, दोन बकऱ्या अन् टपावर सायकली घेऊन जिंदगीभर आलापल्लीचे फेरे केले यानं. त्याले तू एक्केचाळीस-अकरा लावशीन तं चौथा गिअर ओढणारच नाई. सारी रेस तिसऱ्यात रडत काढशीन. सव्वाशे कागदावर राहीन, तू मातीत.

माझं ऐक अन् त्रेचाळीस-आठ काप. इथचा रोड तू पाह्यला नाई. खाणीचे ट्रक रात्रंदिवस चालून राह्यले. चढावर गाडी थांबली तं परत उचलता आली पाह्यजे. उचलताच नाई आली तं पळवशीन काय? शौकाची गाडी झाली म्हणून तिले चढ माफ आहे का?

(दादा, हे चाचाचंच म्हणणं आहे. पण बरोबर आहे असं मले वाटते.)

तू म्हणतं तसा फेरा मोजला. सात फूट दोन इंच भरला. टायर जुने झाले असतीन. हवा मी सकाळीच पाह्यली होती, बरोबर आहे.

जीपच्या डाव्या सीटपुढचा पत्रा अजून तसाच चेपलेला आहे. मी चालवत असलो की तू बाजूले बसून पायानं ब्रेक शोधायचा, त्यानं चेपला. कोणी विचारलं तं सांगतो, आमच्या पोट्ट्याची निशाणी आहे. मोठ्या रोडची बस असो की तुझीच जीप, दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असलं की तुले चैन नाई. तिथी तरी झोप लागते का रे बेटा?

जमीला सलाम सांगते.

बाबूभाई


राजकोट
२७ ऑगस्ट २०२४

बाबूभाई,

पत्र मिळालं. फेऱ्याचा आकडा पाहून डोकं फिरलं.

टायर घासला तं एखादा इंच कमी होईन. तीन इंच नाई. हवा तुम्ही म्हणता बरोबर आहे. मंग टायर बसला कशानं? वजनानं. मागं माल भरलेला होता अन् तो उतरवायचं तुमच्या ध्यानात राह्यलं नाई. मी इतक्या दूर बसलो तरी मले ती जीप दिसून राह्यली, मागच्या स्प्रिंगचे पट्टे वाकलेले अन् टायर फुगलेले.

म्हणून तुम्हाले त्रेचाळीस-आठ पाह्यजे. चढाची गोठ, रोडची गोठ, सारं त्याच्यासाठी. कोणाचा मुरूम वाहून राह्यले? की रेती? गॅरेज चालत नसन तं सांगायचं होतं. ती गाडी मी शाळा सोडल्यापासून भंगारातून एकेक तुकडा आणून उभी केली. तिच्यासाठी मी आईचा मार खाल्ला. शौकाची गाडी होती ती, तुम्ही तिचा बैल केला. मले विचारलंही नाई.

अन् संघप्रियाले गॅरेजवर बसवून ठेवू नका. वयात आलेली पोट्टी आहे, लोक काय म्हणतीन.

या आठवड्यात मशीन एक्केचाळीस-अकरावरच लावलेली आहे. सोमवारी माझी जोडी कापतो. आता माप पाठवू नका, पाह्यजे नाई.

अश्वजित


एटापल्ली
७ सप्टेंबर २०२४

दादा, जय भीम.

तुझं पत्र चाचाले वाचून दाखवलं, पण सारं नाई. तू 'बाबूभाई' लिवलं तिथी मी 'चाचा' वाचलं. मुरुमाची गोठ गाळली, बैलाची गाळली. मंग राह्यलंच काय? चाचा म्हणाले, एवढंसंच लिवलं का पोट्ट्यानं? मी म्हटलं, काम जास्त असन. ते म्हणाले, हो, मशीनवर उभं राहा लागते, पाय दुखतात. अन् त्यांनी ते पत्र घडी करून पेटीत ठेवलं, जिथी पाने ठेवतात तिथी.

तुझा हिशोब बरोबर होता. मागं माल होता. पण तो मी भरला.

सिमेंटच्या रिकाम्या पोत्या आहेत, त्यात मुरूम. पोत्यांची तोंडं आईनं शिवली. फोनवर ती तुले गाडीचं नाव काढू देत नाई ना, तिनंच शिवली. फेरा मोजला तेव्हा त्या उतरवायच्या राहून गेल्या, कारण आम्ही चढावरूनच आलो होतो अन् मी रडत होती. चाचानं म्हटलं, चल, तुह्या दादाचं माप घेऊ, तेवढंच डोकं दुसरीकडं जाईन. खडूची खूण मीच केली.

सांगते आता. डोंगरावरच्या खाणीवर बायकांले डंपर शिकवून राह्यले. आपल्या इकडच्या पोट्ट्या घेतात. बुधरी लागली, तुले ठाऊक आहे, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची. डंपर पाह्यला का तू? शिडीनं चढा लागते. पण त्याच्या अगोदर लहान गाडीवर परीक्षा होते. गाडीत वजन ठेवतात, चढाच्या मधात थांबवतात, मंग मागं न घसरता उचलून वरच्या वळणापर्यंत दुसऱ्या गिअरात न्या लागते. डिसेंबरात बोलावलं आहे. उन्हाळ्यापासून चाचा मले शिकवून राह्यले. तुह्या गाडीवर.

तुले काऊन नाई सांगतलं? एकदा मी नुसती सीटवर बसली होती तं तू चाबी काढून खिशात टाकली होती. अन् आता सांगतलं असतं तं तू म्हणाला असता, शिलाई मशीन पाठवतो. दादा, मले शिलाई येत नाई. आवडतही नाई. पोत्यांचे टाकेही आईनंच घातले.

तुले त्रेचाळीस-आठ सांगा असं चाचाले मी म्हटलं नव्हतं. त्यांनी मले चढावर बंद पडताना पाह्यलं अन् आपल्या मनानं सांगतलं. त्यांच्यावर राग काढू नको. सोमवार होऊन गेला, तू कापलं असशीन. कापलं तं कापलं. पण चाचाले एक पत्र लिव, जे मले पूर्ण वाचता येईन.

संघप्रिया


राजकोट
१८ सप्टेंबर २०२४

संघप्रिया, जय भीम.

कापलं नाई. सोमवारी मी जोडी घेऊन मशीनपाशी गेलो तं वजुभाईनं माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हणाला, "आज तेरा हाथ मशीन में जायेगा। जा, पार्ट धो।" रागातल्या माणसाले तो मशीनवर उभं राहू देत नाई. आठवडाभर पार्ट धुतले. मंग मशीनचे दाते बदलले, मोठी ऑर्डर लागली, अन् माझी जोडी कपाटात राह्यली. आता महिन्याच्या आखरीले पुन्हा पाळी येईन.

तुझं पत्र वाचून मी खुश झालो असं लिवलं तं खोटं होईन. पहिले राग आला. माझी गाडी, माझी जोडी, माझी रेस, अन् तुम्ही तिघं मिळून उन्हाळ्यापासून लपवून राह्यले. आईनं पोत्या शिवल्या हे वाचून तं मी जेवणाचा डबा बंदच केला. मंग संध्याकाळी सायकलनं येताना मले तो खडू दिसला. तू रडत रडत खूण करून राह्यली, चाचा टेप धरून राह्यले, अन् मी इथून लिवतो, मुरूम कोणाचा वाहता. त्याच्यानंतर राग काही जमला नाई.

पण मी काय करू ते ठरलं नाई. त्रेचाळीस-आठवर गाडी जास्तीत जास्त नव्वदच्या आत राहीन. त्या सरळ पट्ट्यावर मले सारे मागं टाकतीन. ते तुले ठाऊक असू दे.

अगोदर हे लिव. चढावर बंद पडते ती पहिल्या गिअरात की दुसऱ्यात? पहिल्यात उचलताना मागं घसरते का? दुसरा टाकला की इंजिनाचा आवाज कसा होते? अंदाजे नको, पोत्या भरून जा अन् ऐकून लिव. चाचाचे कान गेले, आता तुझेच आहेत.

चाचाचा कागद वेगळा ठेवला आहे, तू गाळलं ते सारं त्यात लिवून माफी मागतली आहे. तो वाचून दाखव, पूर्ण. गाळू नको. रडू आलं तरी माझं एक अक्षर गाळू नको.

दादा


एटापल्ली
१ ऑक्टोबर २०२४

दादा, जय भीम.

पूर्ण वाचलं. चाचा पहिले हासले. म्हणाले, "टायर देखके माल पकड़ लिया। माझाच पोट्टा आहे." त्यांले मुरुमाचं काहीच वाईट वाटलं नाई, उलट गॅरेजवर येणाऱ्या सगळ्यांले सांगून राह्यले, की राजकोटात बसून यानं इथचं वजन ओळखलं. मंग थोड्या वेळानं चष्मा पुसाले मागं गेले अन् लवकर आले नाई.

आता तू विचारलं ते. पोत्या भरून तीनदा चढावर गेली.

पहिल्यात उचलते. घसरत नाई, हँडब्रेक अन् क्लच मले जमला आता. पहिल्यात ती ओरडते पण चढते. दुसरा टाकाले क्लच दाबला की तेवढ्यात चढ स्पीड खाऊन टाकते. दुसरा पडला की आवाज जड होते, माणूस वजन उचलताना श्वास रोखते तसा. मंग गाडी थरथरते, खुडुक होते अन् बंद. क्लच हळू सोडला तरी बंद, पटकन सोडला तरी बंद. रेस जास्त दिली तं क्लच जळल्याचा वास येते. एकदाही दुसऱ्यात वळणापर्यंत गेली नाई.

पण दादा, मी एक सांगते. तू एक्केचाळीस-अकराच काप. गाडी तुझी आहे. मी चाचाले विचारलं, त्या परीक्षेले दुसऱ्या कोणाची गाडी मिळन का. वारलूभाऊची नवी आहे, तो देतो म्हणते, पण शिकाले नाई, फक्त त्या दिवशी. तेवढ्यात होऊन जाईन काहीतरी. तुह्या त्या कोइमतूरवाल्या माणसानं तुले पाह्यलं पाह्यजे. तू इथून गेला तेव्हा बसच्या खिडकीतून एकदाही मागं पाह्यलं नाई. आई म्हणाली, याले पुढंच पाहाची आदत आहे, पाहू द्या.

आई पंधरा-सोळाले चांद्याले दीक्षाभूमीवर जाईन. तुह्या नावानं मेणबत्ती लावते म्हणते.

संघप्रिया


राजकोट
२१ ऑक्टोबर २०२४

संघप्रिया,

या पेटीसंगं हे पत्र आहे. पेटी जड आहे, ट्रान्सपोर्टवाल्याले फेकू देऊ नको.

आत त्रेचाळीस-आठ आहे.

मी खूप उदार झालो असं समजू नको. हिशोब केला. तू लिवलं त्या आवाजावरून तुह्या दुसऱ्या गिअरात इंजिनाले किती फेरे मिळतात ते काढलं. आताच्या जुन्या जोडीवरही आकडा येत नाई, एक्केचाळीसवर तं येतच नाई. कितीही क्लच सांभाळला तरी येत नाई. तुह्या हाताचा दोष नाईच, हे ध्यानात ठेव अन् रडणं बंद कर. त्रेचाळीस-आठवर येते, अन् वर थोडा उरते. जिथी आकडाच येत नाई तिथी मी तरी काय कापणार?

चाचा म्हणाले तेही खरं निघालं. एक्केचाळीसवर ते इंजिन चौथा ओढत नाई. सव्वाशे कधी होतंच नाई. ते मले पहिल्याच दिवशी दिसलं असतं, पण मी पाह्यलं नाई.

चाचाले सांग, ही जोडी एकमेकीवर घासून बसवलेली आहे. क्राउन बदललं अन् पिनियन जुनं ठेवलं तं दोन्ही भंगार. निळा रंग लावून दात्याचा ठसा पाहा, दात्याच्या मधात पडला पाह्यजे. कडेले पडला तं वॉशर बदला, घाई करू नका. पहिल्या काही दिवसांत पोत्या भरू नको. गाडी गरम झाली की थांब, मंग ऑइल बदल. मंगच चढ.

आता एक काम. जानेवारीत गाडी नागपूरले आणा लागते. मले सुट्टी रेसपुरतीच आहे, मी इकडूनच येतो. चाचाले दूरचं दिसत नाई. वारलूभाऊ दुपारनंतर दारू पेऊन स्टिअरिंगले धरून उभा राहते. मंग राह्यलं कोण? चाबी चाचाच्या पेटीत आहे, पान्यांच्या खाली.

शिलाई मशीनचं मी कोणाले बोललोच नव्हतो असं समज.

दादा


राजकोट
५ फेब्रुवारी २०२५

बाबूचाचा, सलाम.

पोचलो. हे पत्र संघप्रियाले रविवारशिवाय वाचता येणार नाई, बाकी दिवस ती शिडी चढून बसलेली असन. डिसेंबरातल्या परीक्षेचं तुम्ही मले आतापर्यंत चारदा सांगतलं, तरी अजून सांगा. कसं वळण आलं, दुसरा कसा पडला, अन् त्या साहेबानं मागं पोत्याच आहेत ना म्हणून कसं वाकून पाह्यलं.

रेसचं तुम्ही विचारलं नाई, म्हणून सांगतो. वळणावर मी तिघांले मागं टाकलं, मातीत त्यांचे चाकं फिरत राह्यले अन् आपली जीप ओढत गेली. मंग सरळ पट्टा आला अन् त्या तिघांनी मले हात दाखवत मागं टाकलं. प्रत्येक चक्कराले असंच. आखरीले मी मागून दुसरा. ज्याच्या मी पुढं होतो त्याचा रेडिएटर फुटला होता. कोइमतूरवाला माणूस आला, पुढच्या गाड्यांपाशी उभा राह्यला, चहा पेला अन् गेला. मले वाईट वाटलं. संघप्रियानं गाडीचा चिखल पुसला. पुढच्या वर्सी पुन्हा येईन तो. मीही येईन.

पण लिवाचं होतं ते वेगळं आहे.

एटापल्लीले परत येताना मी डाव्या सीटवर बसलो. माझ्याच गाडीत, संघप्रियाच्या बाजूले, पहिल्यांदा. वजुभाईनं अजून थोडी सुट्टी वाढवून दिली म्हणून जमलं. चांद्यापर्यंत माझा पाय खाली ब्रेक शोधत होता, तुम्हाले ठाऊक आहे कसा. ट्रक आला की दाब, गाय आली की दाब. संघप्रिया म्हणाली, "दादा, पत्रा फाडशीन." आलापल्लीच्या पुढं जंगल लागलं. तिथी त्या चढावर आमच्या पुढचा खनिजाचा ट्रक थांबला. मागंही ट्रक, आम्ही मधात. तिनं हँडब्रेक ओढला अन् केस बांधले. घाई नाई. पुढचा हलला, तिनं पहिला टाकला, उचलली, एक बोटभर मागं नाई. मंग दुसरा. मी तो आवाज ऐकाले श्वास रोखून बसलो होतो. तो जड झालाच नाई. एकसारखा बोलत वर गेला.

वर गेल्यावर मी खाली पाह्यलं. माझा पाय त्या चेपलेल्या पत्र्यावर नुसताच ठेवलेला होता.

त्याच्यानंतरचं मले काही ठाऊक नाई. डोळे उघडले तं तुमचं गॅरेज होतं, गाडी बंद होती, अन् आई हळूच म्हणत होती, राहू द्या, उठवू नका त्याले.

चाचा, फुरसत मिळाली की तो पत्रा ठोकून सरळ करा.

तुमचा
अश्वजित